दर्यानारळ लावताना आणि जपताना या चुका टाळा: माड विसरा, ताड आठवा

कोकणातल्या माणसाला माड रुजवायला शिकवावं लागत नाही. पक्का नारळ सोडणासकट वाफ्यात अर्धा गाडायचा, ओल राखायची, तीन-चार महिन्यांत डोळ्यातून कोंब वर येतो. हाच हात दर्यानारळावर चालवला की बी कुजतं, किंवा रुजत असतानाच मोडतं. नाव नारळाचं असलं तरी नात्याने तो माडापेक्षा ताडाच्या, म्हणजे आपल्या ताडगोळ्याच्या झाडाच्या, जास्त जवळ आहे. ताडासारखीच त्याची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. ताडासारखाच त्याचा कोंब बियातून सरळ वर येत नाही. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ या एकाच गैरसमजात आहे.

दर्यानारळ रानात आपोआप उगवतो तो जगात फक्त दोन बेटांवर: हिंदी महासागरातल्या सेशेल्समधलं प्रास्लिन आणि त्याच्या शेजारचं छोटं क्यूरियूज. प्रास्लिनवरची 'व्हॅली द मे' ही जेमतेम साडेएकोणीस हेक्टरांची राई १९८३ पासून जागतिक वारसा आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०११ मध्ये हे झाड संकटग्रस्त ठरवलं. वनस्पतीसृष्टीतलं सगळ्यात मोठं बी याचं. एकेक बी १७-१८ किलोपर्यंत भरतं.

आधीच स्पष्ट सांगायला हवं, की बंगल्याच्या आवारात लावायचं हे झाड नाही. पान पंख्याच्या आकाराचं, देठासकट १० मीटरपर्यंत लांब. जमिनीवर खोड दिसायलाच पंधराएक वर्षं, फुलोरा यायला वीस-पंचवीस वर्षं सहज, सावलीत त्याहूनही जास्त. वनस्पती उद्यान, विद्यापीठाचं आवार किंवा पिढ्यान्‌पिढ्या राखली जाणारी मोठी बाग असेल तरच पुढचं सगळं उपयोगी आहे.

मेलेलं बी पुरणं

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. सेशेल्सहून आठवण म्हणून आणलेलं गुळगुळीत, चकचकीत बी आतून पोकळ असतं. ते उभं कापून, खोबरं काढून घेऊन, दोन्ही भाग परत चिकटवलेले असतात. कडेने बोट फिरवलं की सांध्याची बारीक रेघ लागते. ते पाच वर्षं मातीत ठेवलं तरी काही होणार नाही. मुंबईच्या काष्ठौषधींच्या बाजारात 'जहरी नारळ' म्हणून मिळत आलेले वाळके तुकडे आणि फकिरांच्या हातातला कश्कूल, म्हणजे भिक्षापात्र, हेही याच बियाचे, पण तेही रुजण्यापलीकडे गेलेले. ('जहरी' म्हणजे विषारी असा अर्थ लावू नका. उलट तो विष उतरवतो अशी जुनी समजूत होती.)

जिवंत बी ओळखायची सोपी परीक्षा पाण्याची. मोठ्या टाकीत गोडं पाणी घ्या आणि बी अलगद सोडा. ताजं, भरलेलं बी दगडासारखं तळाला जातं. तरंगलं तर आतलं खोबरं कुजलेलं किंवा सुकलेलं आहे, ते लावू नका. माडाचा नारळ समुद्रात तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतो. दर्यानारळाच्या बाबतीत तरंगतं ते मेलेलंच असतं. शेकडो वर्षं मालदीवच्या आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांना जी बियाणी लागत होती, ती सगळी अशीच पोकळ झालेली होती. त्यामुळे कुठल्याही किनाऱ्यावर त्यांचं झाड झालं नाही, आणि हे फळ समुद्राच्या तळाशी पिकतं अशी समजूत पसरली. झाडाच्या शास्त्रीय नावात अजूनही मालदीव आहे, तिथे ते उगवत नसताना. प्रास्लिनवर खरं झाड १७६८ मध्ये फ्रेंचांनी पाहिलं, तेव्हा कोडं सुटलं.

याच कारणाने बी खाऱ्या पाण्यात भिजवू नका आणि मीठ टाकू नका. माडाच्या आळ्यात मीठ घालायची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं आहे. रानातला दर्यानारळ डोंगरउतारावरच्या आणि दरीतल्या जमिनीत वाढतो. पुळणीवरची खारट वाळू त्याची जागा नाही.

आणखी एक: हे बी साठवून ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. गहू-भाताच्या बियाण्यासारखं थंड, कोरड्या बीजपेढीत ठेवून ते पुढच्या पिढीला देता येणार नाही. फळ गळून पडल्यावर लावायला जितके दिवस लावाल, तितकी रुजण्याची आशा कमी. लगेच लावणं जमत नसेल तर सावलीत ओलसर पालापाचोळ्याखाली ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर काळी-हिरवी बुरशी धरते.

कोवळं फळ काढणं

झाडावरचं फळ दिसायला लवकरच मोठं होतं, पण पिकायला सहा-सात वर्षं घेतं. सुमारे वर्षभराच्या फळात ताडगोळ्यासारखी मऊ जेली असते. ते रुजण्याच्या कामाचं नाही. पुढे हळूहळू ती जेली घट्ट होत जाते आणि शेवटी हस्तिदंतासारखं कठीण खोबरं तयार होतं. हे खोबरं म्हणजे रोपाची पुढच्या काही वर्षांची शिदोरी. ती अर्धवट भरलेली असताना फळ तोडलं, तर बी रुजलं तरी रोप मध्येच उपाशी पडतं.

म्हणून लावायला फक्त आपोआप गळलेलं फळ घ्यायचं. सोडण हिरवं आणि टणक असेल तर फळ कुणीतरी तोडलेलं आहे किंवा वाऱ्याने अवेळी पडलेलं आहे. पक्क्या फळाचं सोडण तपकिरी, भेगाळलेलं, हाताने निघण्याच्या बेताचं असतं. ते कोयत्याने तासू नका. बियाच्या दोन फुगीर भागांच्या, म्हणजे लोबांच्या, मधल्या खाचेत कोयत्याचं टोक गेलं तर नेमका गर्भच जातो. जमिनीवर ओलीत ठेवा, सोडण कुजून आपोआप सुटतं. झाडाखाली काम करताना हेल्मेट घालाच. वीस-पंचवीस किलोचं फळ वीस मीटरवरून पडतं तेव्हा चुकवायला वेळ मिळत नाही.

नाळेला जागा न ठेवणं

इथे जरा थांबून बी नीट बघायला हवं. ते जमिनीवर आडवं ठेवा. दोन फुगीर लोब, आणि त्यांच्यामध्ये खोल खाच. त्या खाचेच्या तोंडाशी राठ तंतूंचा झुबका दिसतो. नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात आणि त्यातल्या मऊ डोळ्यामागे गर्भ असतो. दर्यानारळाला तसे डोळे नाहीत. त्याचा गर्भ या खाचेत, तंतूंच्या मागे बसलेला असतो.

रुजायला लागलं की खाचेतून पांढरट-पिवळं, बोथट टोक बाहेर येतं. हा कोंब नव्हे आणि मूळही नव्हे. तो बीजपत्राचा देठ. आपण त्याला नाळ म्हणू, कारण काम तेच करते. नाळेच्या पुढच्या टोकात भावी रोप दडलेलं असतं. नाळ आधी जमिनीत शिरते, मग मातीखालून पुढे सरकत राहते: मीटर-दीड मीटर तर सहज, कधी साडेतीन मीटरच्याही पुढे. जिथे थांबते तिथे टोकापासून खाली मुळं आणि वर पहिलं पान फुटतं. बी एका जागी, रोप दुसऱ्याच जागी! ताडाची बी मातीत टाकली तर तिचाही देठ असाच खाली खोल जातो आणि रोप तिथे तयार होतं. ज्यांनी ताडाचे कोंब उकरून पाहिलेत, त्यांना हे लगेच कळेल.

आता कुंडीत किंवा प्लास्टिकच्या पिंपात लावल्यावर काय होतं ते समजेल. नाळ भिंतीला आपटते, वळते, स्वतःभोवती गुंडाळली जाते, टोक दबतं आणि काळं पडतं. वरून पाहणाऱ्याला बी 'रुजलंच नाही' असं वाटतं. खरं तर ते रुजलं होतं आणि कोंडून मेलं.

लावायची रीत अशी. कायमची जागा आधी ठरवा आणि शक्यतो थेट तिथेच लावा. दोन झाडांत किमान आठ मीटर अंतर धरा. बी ठेवायच्या जागेभोवती दोन मीटर त्रिज्येत जमीन ६० ते ७५ सेंटिमीटर खोल भुसभुशीत करा, मोठे दगड आणि जुनी मुळं काढा. बी उभं करू नका. आडवं ठेवा, एक तृतीयांश मातीत बसेल इतकंच दाबा, आणि खाच मातीला नीट टेकेल असं पाहा. पूर्ण गाडलं तर वरचा भाग सतत ओला राहून कुजतो. उतारावर असेल तर खालच्या बाजूला दगडाची पाचर मारा, कारण एका जोराच्या पावसात बी अर्धं वळतं आणि खाच आकाशाकडे होते. वरून १० सेंटिमीटर पालापाचोळा पसरा. कोकणात लावत असाल तर रानडुक्कर आणि साळिंदरासाठी जाळीचं कुंपण पहिल्या दिवसापासून हवं, नंतर नव्हे.

कुंडीशिवाय इलाजच नसेल (थंड देशातल्या काचघरात नसतोच) तर निदान १.२ मीटर रुंद आणि १ मीटर खोल बांधीव हौद घ्या. त्यात भरड वाळू, कुजलेला पाला आणि नारळाचा भुसा समान भाग घाला आणि तळाला निचऱ्याची भोकं ठेवा. मातीचं तापमान २८ ते ३० अंश राहायला हवं. हवा गरम आणि माती गार असेल तर बी नुसतं पडून राहतं.

आधी रुजवून मग हलवायचं असेल तर एकच वेळ योग्य आहे: खाचेतून टोक नुकतं दोन ते पाच सेंटिमीटर बाहेर आलेलं असताना. त्या दोन-चार दिवसांत टोक खालच्या बाजूला ठेवून बी जागेवर न्या. नाळ वीतभर झाली की बी हलवू नका. तिला सांधा नसतो. मुरगळली की मोडते आणि पुन्हा फुटत नाही. एका बियात बहुधा एकच गर्भ, त्यामुळे दुसरी संधी मिळत नाही.

उकरून पाहणं

टोक दिसायला तीन महिने लागतात, तसंच वर्ष किंवा त्याहून जास्तही लागतं. टोक आल्यावर पहिलं पान जमिनीवर यायला आणखी साधारण वर्ष. या मधल्या काळात वर काहीच दिसत नाही, आणि याच काळात माणसं कुदळ घेतात.

बी जिवंत आहे का हे पाहायचं असेल तर जागचं न हलवता तपासा. अंगठ्याने खाचेजवळच्या करवंटीवर दाबा आणि वास घ्या. घट्ट आणि मातीचा वास असेल तर परत झाकून ठेवा. आंबूस वास, चिकट पाणी झिरपणं, करवंटी बोटाने दबणं ही कुजल्याची खूण. नाळ दिसत असेल तर तिचा रंग बघा: पांढरट-पिवळा ते फिकट तपकिरी ठीक, पण टोक काळं आणि मऊ असेल तर पाणी साचलंय, टोक सुरकुतून टणक झालं असेल तर माती सुकलीय. पहिल्या स्थितीत बाजूने चर काढून पाणी काढा, दुसऱ्या स्थितीत नाळेवर ओला पाला झाका. टोकाचा अगदी शेंडा शाबूत असेल तरच रोप वाचतं.

नाळेची दिशा समजली की त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना काठ्या रोवून दोरी बांधा. बहुतेक नाळा कुजून जात नाहीत, गवत काढणाऱ्याच्या खुरप्याने किंवा पायाखाली मोडतात. रोप बियापासून दोन मीटरवर असतं हे माळ्याला माहीत नसतं.

पान आलं म्हणून बी काढून टाकणं

पहिलं पान जमिनीवर आलं की जुनं बी कुरूप दिसतं, म्हणून ते कापून बाजूला केलं जातं. त्या क्षणी रोपाची शिदोरी तोडलेली असते. बियातलं खोबरं विरघळून नाळेवाटे रोपाकडे जात असतं, आणि हे दोन ते चार वर्षं चालतं. करवंटी हलकी आणि पोकळ होऊन नाळ आपोआप वाळली की मगच संबंध संपतो. तोवर बियाला हात लावू नका, आणि खतही घालू नका. या काळात रोपाला बाहेरच्या खताची गरज नसते. शेणखताचा ढीग नाळेवर टाकला तर ती होरपळते.

पाऊस चार महिन्यांचा, झाड बारा महिन्यांचं

सेशेल्स विषुववृत्ताच्या चार-पाच अंश दक्षिणेला. तिथे डिसेंबर ते मार्च पाऊस जास्त आणि मे ते ऑक्टोबर कमी, पण कोरडा ठणठणीत असा हंगाम नसतो, थंडीही नसते. कोकणात सगळा पाऊस जूनपासून चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने जवळजवळ काही नाही. जांभ्याची आम्ल जमीन या झाडाला चालण्यासारखी आहे, प्रास्लिनची ग्रॅनाइटची जमीनही आम्ल आणि निकसच आहे. अडचण पाण्याच्या वेळेची आहे. पावसाळ्यात बियाभोवती पाणी तुंबू नये म्हणून वरच्या बाजूला चर काढा. नोव्हेंबरपासून मेअखेर दर तीन-चार दिवसांनी रोपाला १५ ते २० लिटर पाणी द्या, आणि बोट १० सेंटिमीटर खोल घालून ओल बघितल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नका. पहिली काही वर्षं निम्मी सावली हवी. पुणे-नाशिककडची थंडी सोसायला या झाडाला सांगू नये.

झाडलोट, आळं आणि झावळ्यांची छाटणी

बाग स्वच्छ दिसावी म्हणून केलेली कामं इथे सर्वांत जास्त घात करतात, आणि ती करणाऱ्याला आपण झाडाची सेवा करतोय असं वाटत असतं.

दर्यानारळाची पानं म्हणजे प्रचंड पन्हाळी आहेत. पानावर पडलेलं पावसाचं पाणी घड्यांतून देठाकडे आणि देठावरून खोडाच्या बुडाशी येतं, आणि येताना पानावर अडकलेले पराग, पाखरांची विष्ठा, कुजका पाला सगळं बरोबर आणतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोडालगतच्या मातीत नत्र आणि स्फुरद दोन मीटर दूरच्या मातीपेक्षा जास्त आढळलं. इतक्या निकस जमिनीत एवढी मोठी बियाणी पोसायचं गणित झाड असं जमवतं. शिवाय वाळत चाललेल्या पानातलं बरंचसं अन्न झाड परत ओढून घेतं. म्हणून पिवळी पडत चाललेली झावळी पूर्ण वाळण्याआधीच कापणं म्हणजे झाडाच्या ताटातला घास काढणं. पान पूर्ण तपकिरी होऊन आपोआप गळू द्या. गळलेलं पान झाडाखालीच राहू द्या. त्याचा थर ओल धरतो आणि तण दाबतो.

माडाभोवती गोल आळं खणायची पद्धत इथे अजिबात नको. दर्यानारळाच्या बुडाशी जमिनीत एक लाकडी वाडगा तयार होतो. खोडाचा गोलसर तळ त्यात बसतो, आणि वाडग्याला चाळणीसारखी असंख्य भोकं असतात. त्यांतून मुळं बाहेर जातात. वादळात खोड डोलतं ते या वाडग्याच्या आधाराने. झाड मेल्यावरही वाडगा कित्येक दशकं जमिनीत टिकतो. मोठ्या झाडाच्या बुडाशी कुदळ मारली की नेमकी ती मुळं तुटतात. पाणी द्यायचं तर खोडापासून हातभर अंतरावर जमिनीवर सोडा, खणू नका.

एकच झाड लावणं

माडाच्या एकाच पोयीत नर-मादी दोन्ही फुलं असतात, त्यामुळे एकटा माडसुद्धा नारळ धरतो. दर्यानारळाचं नर झाड फक्त लांब, जाड कणसासारखा फुलोरा देतं, फळ कधीच नाही. मादी झाडाला फुलं येतात, पण जवळ नर नसेल तर ती वांझ गळतात. कोलकात्याजवळ शिवपूरच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये लावलेलं झाड मादी निघालं. त्याला फुलायलाच जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि शेवटी २०१३ मध्ये थायलंडहून आणलेल्या परागांनी त्याला फळ धरलं.

फुलोरा येईपर्यंत रोप पाहून नर की मादी ते सांगता येत नाही. नर-मादी निम्मे-निम्मे धरले, तर दोन रोपांत दोन्ही असण्याची शक्यता ५० टक्के, चारात सुमारे ८७, सहात सुमारे ९७. म्हणून लावायचीच असतील तर पाच-सहा लावा, आणि ती शक्यतो वेगवेगळ्या मातांची असू द्या. जागा तेवढी नसेल तर दुसऱ्या उद्यानाशी पराग देण्याघेण्याची बोलणी आधीच करून ठेवा.

हाताने परागीभवन करताना नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्या फुलांना एकाच दिवशी ब्रश फिरवून मोकळं होणं. मादी फुलोऱ्यातली फुलं एकदम तयार होत नाहीत. फुलाच्या टोकाशी चकाकणारा चिकट ओलावा दिसला की ते तयार आहे असं समजा आणि दोन-तीन दिवस लागोपाठ पराग लावा. पराग सकाळी, दव वाळल्यावर, कागदी पाकिटात गोळा करा, प्लास्टिकमध्ये नको, घाम येऊन ते चिकटतात. त्याच दिवशी वापरायचे नसतील तर सिलिका जेलसह हवाबंद डबीत घालून थंडीत ठेवा.

रानात केलेल्या चुका

प्रास्लिन आणि क्यूरियूजवर प्रश्न वेगळा आहे. एवढं जड बी कुणी उचलून नेत नाही, वारा नेत नाही, पाणी नेत नाही; ते आईच्या पायाशी पडतं. त्यामुळे एका भागातली झाडं बहुधा एकमेकांची भावंडंच असतात. पुनर्लागवड करताना एकाच भरघोस मादीखालची सगळी बियाणी गोळा करून नवी राई उभी केली, तर दिसायला जंगल वाढतं, पण पुढच्या पिढीत जवळच्या नात्यातलाच संकर होणार. एका जागी लावायच्या बिया निदान आठ-दहा वेगवेगळ्या मातांच्या हव्यात. दुसरी टोकाची चूक म्हणजे पडलेलं प्रत्येक बी उचलून विकणं. मग राईत म्हातारी झाडं उरतात आणि त्यांच्या खाली एकही रोप नसतं. खोबऱ्याला आशियाई बाजारात भाव असल्याने चोरीही होते. म्हणून लावलेलं बी उघडं न ठेवता पाल्याखाली झाकणं तिथे दुहेरी उपयोगाचं आहे.

तण काढताना काय तण आहे ते नीट ओळखावं लागतं. आपल्या परसात दालचिनीचं झाड असणं ही चांगली गोष्ट. सेशेल्समध्ये लागवडीतून सुटलेली दालचिनी डोंगरभर पसरली आहे आणि मूळच्या झाडांची जागा घेते. ती एकदम सगळी तोडू नका. अचानक उघड्या पडलेल्या उतारावर माती वाहून जाते आणि दर्यानारळाच्या कोवळ्या रोपांवर कडक ऊन येतं. टप्प्याटप्प्याने काढा आणि लगेच मूळची झाडं लावा.

माती आणि कुंड्या एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं टाळा. व्हॅली द मे मध्ये २००९ मध्ये 'पिवळ्या वेड्या मुंग्या' या नावाने ओळखली जाणारी उपद्रवी परकी जात आढळली. या मुंग्या गोड द्रव सोडणाऱ्या खवले किडींना पोसतात आणि राईतल्या गोगलगायी, पाली यांच्या जिवावर उठतात. न्यायचंच असेल तर बी माती झाडून, धुऊन, खाच तपासून न्या. आणि कोरड्या दिवसांत राईजवळ पाला पेटवू नका. पाल्याचा जाड थर आग जमिनीलगत दूरवर नेतो, आणि चाळीस वर्षांनी फळ देणारं झाड एका दुपारी जातं.

कागदपत्रं आणि नोंदी

सेशेल्समध्ये दर्यानारळासाठी १९७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. बी बाहेर न्यायला परवाना लागतो, आणि २०१० पासून ते साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही आहे. परवान्याशिवाय विकत घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. भारतात लावण्यासाठी बी आणायचं असेल तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही हवीत. ते बी विमानतळावर अडकून महिनाभर सुकलं तर रुजणार नाही, म्हणून परवाना आधी हातात घ्या, मग बी मागवा.

नोंद ठेवताना कागदी चिठ्ठी किंवा रंगाने लिहिलेली पाटी वापरू नका. पहिलं पान येईपर्यंत दोन पावसाळे जातात, तोवर अक्षरं पुसलेली असतात आणि लावणारा माळी कदाचित बदललेला असतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून क्रमांक लिहा. एक पट्टी बियाजवळ, दुसरी नाळ जिथे थांबली तिथे. वहीत त्या क्रमांकासमोर पाच गोष्टी हव्यात: बी कुठल्या झाडाखालचं, पडल्याची तारीख, लावल्याची तारीख, खाचेतून टोक दिसल्याची तारीख, आणि नाळेची दिशा बियापासून किती मीटर कुठल्या बाजूला. ही शेवटची नोंद नसेल तर पुढच्या वर्षी गवत काढायला येणारा माणूस बियाभोवती जपून खुरपं चालवेल आणि दोन मीटरवरचं रोप गवताबरोबर उपटून टाकेल.